सांध्यांच्या देवा

हे गजानना,

सगळे देव सोडून मी तुझ्यापुढे आले, त्याचं कारण तुझ्या मानेत आहे. धड आईच्या अंगच्या मळाचं, शिर रानातल्या हत्तीचं. एका जन्माचं दुसऱ्या जन्माला जोडलेलं, तेही घाईघाईत, वडिलांनी केलेला अनर्थ निस्तरण्यासाठी. पेणच्या कारखान्यांत साच्यातून निघालेले शाडूचे भाग एकमेकांना चिकटवतात, ओल्या ब्रशने सांधा पुसून काढतात आणि मानेवर सोनेरी कंठी रंगवतात. ते त्यांचं काम, आणि ते चोख करतात. माझं काम उलटं आहे. माझ्या चित्रात सांधा दिसावा लागतो. तो दिसूनही चित्र उभं राहावं, एवढ्यासाठी मी हात जोडते आहे.

विघ्नहर्ता म्हणून आज तुला हाक मारत नाही. विघ्नांची यादी तुझ्याकडे आधीच पोचलेली आहे. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की तिच्यात उभ्या असलेल्यांची पाळण्यातली मुलं कॉलेजात जातात. ती रांग तुझ्यानेही हलेल असं मला वाटत नाही, क्षमा कर. मी तुझ्याकडे आले आहे ती चौसष्ट कलांचा अधिपती म्हणून. कात्री आणि खळ या दोन्हींचं खातं तुझ्याकडेच असणार.

आमच्या भाषेत तुला तुकड्यांतून घडवण्याचं धाडस पहिल्यांदा ज्ञानेश्वरांनी केलं, निदान मला ठाऊक असलेल्यांत पहिल्यांदा. शके 1212 मधला तो ग्रंथ, ज्ञानेश्वरी. त्याच्या आरंभीच तुझी मूर्ती उभी आहे आणि ती मातीची नाही, ग्रंथांची आहे. वेद हा देह, स्मृती हे अवयव, अठरा पुराणं हे दागिने, काव्यनाटकं ही रुणझुणणारी घुंगरं. सहा दर्शनं म्हणजे हात, आणि त्यांचं आपसांत पटत नाही म्हणूनच त्या हातांत वेगवेगळी आयुधं. तर्काचा परशू, वेदान्ताचा मोदक. मोडक्या दातालाही त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. खंडन झालेलं बौद्ध मत त्यांनी तिथे बसवलं. शाळेत हे शिकवताना बाईंनी 'रूपक' म्हणून फळ्यावर लिहिलं आणि पुढे गेल्या. आता वाचते तेव्हा मला त्यात एक कारागीर दिसतो. न पटणाऱ्या गोष्टी त्याने घासूनपुसून एकसारख्या केल्या नाहीत. भांडणाला हात दिले, हातात शस्त्रं दिली आणि सगळं मिळून एक अंग केलं. ती नजर मला हवी आहे. ज्ञानेश्वरांना कोवळ्या वयात ती होती, मला या वयालाही नाही, त्याचा हिशेब तू ठेव.

मी या कामाला कशी लागले ते तुला ठाऊक आहे, पण मागणं मागताना आपली हकिगत सांगायची रीत आहे, म्हणून सांगते. डोंबिवलीत मी एका कंपनीचे हिशेब लिहीत होते. लग्नानंतर अमेरिकेत, एडिसनला आले ती नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला टाचलेली. एच-4. त्यावर राहता येतं, शिकता येतं, गाडी चालवता येते, कमावता येत नाही. 2015 मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना काम करायची मुभा मिळाली. मी त्याच्या बरीच आधीची. हातात दिवस होते आणि खिशात स्वतःचा पैसा नव्हता. सरकारी वाचनालयाच्या कार्डाला मात्र व्हिसा लागला नाही, घराचा पत्ता पुरला. तिथे चित्रांची जाडजूड पुस्तकं घरी नेऊ देत. तिथून जलरंग.

बर्फ रंगवायला मी जलरंगातच शिकले. बर्फ रंगवायचा म्हणजे कागद कोरा सोडायचा आणि सावल्या तेवढ्या निळसर टाकायच्या. पार्किंगमधल्या गाड्या, त्यांच्यावरचा बर्फ, चार वाजताच कलंडलेलं ऊन. हे जमायला लागल्यावर मला त्याच कागदावर डोंबिवली स्टेशनचा पूल हवासा वाटला. जुलैमधला, छत्र्यांनी भरलेला. तो काही केल्या बसेना. रेखाटन बरोबर, माणसं बरोबर, तरी पूल एडिसनच्या थंडीत कुडकुडायचा, नाहीतर गाड्यांवरचा बर्फ डोंबिवलीच्या पावसात विरघळायचा. पुष्कळ कागद गेल्यावर कारण लक्षात आलं. रंगवलेल्या चित्राला एकच हवा असते. प्रकाश एकीकडून येतो आणि तोच सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. माझ्या डोक्यात मात्र दोन सूर्य एकाच वेळी वर होते, आणि त्यांच्या वेळांत साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर.

त्याच सुमारास आईने पाठवलेलं कालनिर्णय आलं. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा त्यात छापलेल्या असतात, गावागावांच्या. मुंबई, पुणे, रत्नागिरी, नागपूर. एडिसन नसतं. आणि मी उपवास तर करत होते. चंद्र इथे उगवायचा तेव्हा उगवायचा, आणि भिंतीवरच्या वेळेशी त्याचा काही संबंध नसायचा. एका महिन्याचं पान उलटल्यावर तो रकाना मी कात्रीने कापला आणि बर्फाच्या चित्रावर चिकटवला. देवा, तो तुझ्याच चतुर्थीचा रकाना होता, म्हणून या सगळ्याची जबाबदारी थोडी तुझ्यावर येते. कागदाचा तुकडा आपला उजेड बरोबर घेऊन आला. बर्फाने त्याला स्वतःचं ऊन दिलं नाही आणि त्याने ते मागितलंही नाही. दोघं शेजारी राहिले. मधे कापलेली कड.

तेव्हापासून मी रंगवते आणि चिकटवते. आधी रंग, मग कागद, मग कागदावर पुन्हा रंग. किराणा दुकानाची जाहिरातपत्रकं, ज्यांवर कारली आणि आंबे एका ओळीत असतात. सरकारी पाकिटांच्या पारदर्शक खिडक्या. साबुदाण्याच्या पुड्यावरचं लेबल, रेल्वेची तिकिटं, दिवाळी अंकातल्या जाहिराती. खळ मी मैद्याची करते, मंद आचेवर, सतत ढवळत, नाहीतर गुठळ्या होतात. कागदाला उभं-आडवं असतं हे मला खळीने शिकवलं. ओला झाला की तो एका अंगाने जास्त फुगतो, वाळताना पुठ्ठ्याला ओढतो आणि चित्र पापडासारखं वर येतं. म्हणून पाठीमागूनही तेवढाच कागद लावायचा, दोन्ही बाजूंची ओढ सारखी करायची. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच. त्याला वाचवता येत नाही, पिवळा झाल्यावर तो शेजारच्या रंगाशी कसा वागेल याचा आधीच विचार करावा लागतो. हे सगळं तुला सांगते कारण माणसांना सांगायला गेलं की ती म्हणतात, अगं म्हणजे आजीची गोधडीच की! नाही. गोधडीत चिंधीची कड आत दुमडतात. माझी कड बाहेर राहते.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः आले, त्या माणसाविषयी बोलते. त्याला तुझं नाव ठाऊक असेल-नसेल. कुर्ट श्विटर्स, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, 1887 चा जन्म. पहिलं महायुद्ध संपल्यावर मोडक्यातोडक्यातून नवं करायचं असं त्याने ठरवलं, आणि ट्रामची तिकिटं, बुचं, लाकडाच्या चिपा, टपालाचे शिक्के रस्त्यावरून उचलून चित्रांत आणले. घरातच एक रचना वाढवत नेली. ती खोल्यांतून पसरत गेली. नाझींनी त्याच्या कामाला विकृत ठरवलं, 1937 मध्ये म्यूनिकच्या बदनामीच्या प्रदर्शनात टांगलं. तो त्याच वर्षाच्या जानेवारीत नॉर्वेला निघून गेला होता. बायको हेल्मा घर सांभाळायला मागे राहिली. 1940 मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या तेव्हा तो मुलाबरोबर बर्फ फोडणाऱ्या जहाजावरून स्कॉटलंडला पोचला. तिथे इंग्रजांनी त्याला पकडलं, कारण कागदावर तो जर्मन, म्हणजे शत्रू. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी नको म्हणावं, हे तुझ्या राज्यात कसं चालतं, ते मी आज विचारत नाही. पुन्हा कधीतरी विचारेन.

आइल ऑफ मॅन या बेटावर, डग्लस गावात, हचिन्सन नावाची छावणी होती. समुद्राकाठची घरं, भोवती काटेरी तार, आत शेकडो माणसं. प्राध्यापक, वादक, चित्रकार. श्विटर्स तिथे सोळा महिने होता. कॅनव्हास नव्हता, तर जमिनीवरचं लिनोलियम उपटून त्यावर चित्रं काढली. सोबतच्या बंदिवानांची तोंडं काढली आणि काहींचे पैसेही घेतले. सकाळच्या ओटच्या लापशीतून शिल्पं केली. त्यांना बुरशी आली, वास सुटला, त्याने ती तशीच ठेवली. लापशीचं शिल्प! देवा, मला या गोष्टीवर हसू येतं आणि मग हात आपोआप जोडले जातात.

नोव्हेंबर 1941 मध्ये सुटला. लंडनमध्ये बॉम्ब पडत होते, तो तिकिटं आणि टॉफीचे कागद गोळा करत होता. ऑक्टोबर 1943 मध्ये हॅनोव्हरचं घर, आतल्या त्या वाढत्या रचनेसकट, दोस्तांच्या बॉम्बफेकीत गेलं. पुढच्या वर्षी हेल्मा कॅन्सरने गेली. युद्ध संपताच तो उत्तर इंग्लंडच्या तळ्यांच्या मुलखात, ॲम्बलसाइडला, येऊन राहिला. पोटासाठी गावातल्या लोकांची व्यक्तिचित्रं आणि डोंगरतळ्यांची निसर्गचित्रं काढायचा, अगदी साधी, ओळखू येणारी, पर्यटकांनी घ्यावीत अशी. आणि स्वतःसाठी चिकटवायचा. 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमकडून हजार डॉलर आले, त्यातून एल्टरवॉटरजवळच्या दगडी कोठारात त्याने पुन्हा भिंतीवर रचना सुरू केली. 8 जानेवारी 1948 ला केंडलच्या इस्पितळात तो वारला. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची बातमी आली होती आदल्या दिवशी. कोठाराची ती एकच भिंत जमेल तेवढी झाली होती. ती पुढे उचलून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेली, अजून तिथे आहे.

टीकाकार म्हणतात, शेवटची ती डोंगरतळ्यांची चित्रं नाइलाजाची. मला हे पटत नाही. ती रंगवतानाही त्याची नजर तीच होती असं मला वाटतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी कात्री धरायला हात वळला नसता. माझंही तसंच आहे. मी इथल्या लोकांच्या कुत्र्यांची चित्रं काढते, घरांची काढते, लग्नातल्या जोडप्यांची फोटोवरून काढते. त्यांचे पैसे येतात. त्या पैशांतून पुठ्ठा येतो. गजानना, कुत्र्याचं चित्र काढताना माझा हात आळसावू देऊ नकोस. आणि ते कमी दर्जाचं काम आहे असं कोणी म्हटलं, की मला श्विटर्सने काढलेले ॲम्बलसाइडचे डोंगर आठवू देत.

आमच्यातलेही असे चित्रकार होते. एडिसनहून गाडीने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरलं की ज्या शहरात पाय पडतो, त्याच शहरात मोहन सामंत राहिले. मुंबईचे, 1924 चा जन्म, जे. जे.मध्ये शिकलेले, प्रोग्रेसिव्ह गटातले. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर 1959 मध्ये न्यूयॉर्कला आले, परतले आणि 1968 पासून इथलेच झाले, 2004 मध्ये जाईपर्यंत. रंगात वाळू, प्लास्टर. पुढे कापलेले कागद, तारेने वळवलेल्या आकृत्या. चित्र भिंतीपासून सुटून पुढे यायचं. आणि सारंगी. सारंगी त्यांनी सोडली नाही. त्यांचं 'ग्रीन स्क्वेअर' मॉडर्न आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. तरी इथल्या महाराष्ट्र मंडळात सामंतांचं नाव काढलं तर 'कोण, ते नाटकवाले?' असा प्रश्न येतो. याचा राग माझ्या मनात आहे. तो तू काढू नकोस, उपयोगी आहे.

त्याच 1924 सालातला फ्रान्सिस न्यूटन सूझा, गोव्यातल्या साळगावचा. लहानपणी देवी आल्या तेव्हा त्याच्या आईने नवस बोलला होता, पोर जगलं तर पाद्री करीन. पोर जगलं आणि पाद्री सोडून सगळं झालं. 1949 मध्ये लंडन, 1967 मध्ये न्यूयॉर्क. त्याने गुळगुळीत मासिकांच्या पानांवर रसायन लावून छापील शाई विरघळवली आणि त्या ओल्या चिखलात चित्रं काढली. तो नवस कोणाच्या दारात फिटला, हे तुम्ही देवांनी आपसांत ठरवा.

आणि या चिकटवण्याला, कोलाजला, प्रतिष्ठा दिली त्या पिकासोचंही तसंच. 1912 मध्ये त्याने खुर्चीच्या वेताचं छापील कापड चित्रात चिकटवलं, तेव्हा तो पॅरिसात परदेशीच होता. 1940 मध्ये फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज केला; नाकारला गेला. ज्यांना कागदाने ताटकळत ठेवलं ती माणसं कागद कापायला बसतात, यात नवल नाही. मीही सरकारी पाकिटं कापते ती थोड्या सूडानेच.

आता मागणं.

मला स्वस्त दुःखापासून वाचव. एका गॅलरीवाल्या बाईंनी माझी चित्रं पाहिली आणि प्रेमाने म्हणाल्या, यात थोडं अजून भारतीय काही नाही का घालता येणार? साडीचा काठ, मेंदी, असं. देवा, माझ्याकडे आजीच्या नऊवारीचा काठ आहे. तो लावला की चित्र विकलं जाईल हे मला कळतं. तो मला लावू देऊ नकोस, जोवर चित्राला त्याची गरज नाही. आणि गरज पडली, तर बाईंना आनंद होईल या भीतीने थांबवूही नकोस.

आईच्या पत्रांचं तूच ठरव. ट्रंकेत आहेत, निळ्या शाईची, शेवटच्या ओळी समासात उभ्या लिहिलेल्या. ती अक्षरं मला चित्रात हवी आहेत. झेरॉक्स लावून पाहिली, मेली दिसतात. शाई कागदात मुरलेली असते आणि झेरॉक्सची पूड वर बसते; डोळ्याला तो फरक लगेच कळतो. अस्सल पत्र कापायचं तर ते पुन्हा वाचता येणार नाही. आई आहे अजून, डोंबिवलीत, फोनवर विचारलं तर म्हणेल, काप की, त्यात काय आहे. तेवढ्याने माझं समाधान होत नाही. श्विटर्स रस्त्यावर पडलेलं उचलत होता, कोणाचं तरी टाकून दिलेलं. जपून ठेवलेलं कापायला वेगळी हिंमत लागते, की वेगळी निर्दयता, हे मला ठरवता येत नाही. कात्री हातात असताना सांग, आधी सांगू नकोस. मी वाद घालत बसेन.

माझी मुलगी इथे जन्मली. तिला माझ्या चित्रांत डोंबिवलीचा पूल दिसत नाही, तिला आंबा आणि कारलं दिसतं, आणि ती हसते. तिचं हसणं बरोबर आहे, ते तिला राहू दे. नवरा रात्री आल्यावर जेवणाच्या टेबलावरचे तुकडे न सरकवता ताट मांडीवर घेऊन जेवतो, त्याला तुझ्या पद्धतीने काय द्यायचं ते दे. माझ्या डोळ्यांना आणखी काही वर्षं जवळचं दिसू दे. दमट दिवसांत खळ आंबू देऊ नकोस.

आणि एक, स्वतःसाठी नसलेलं. इथून जवळच, एलिझाबेथ शहरात, गोदामासारख्या इमारतीत माणसं डांबलेली आहेत, कागद पुरे नाहीत म्हणून. कोणी कुठल्या देशातली, कोणी कुठल्या भाषेतली. त्यांच्यात चित्र काढणारे असतील, आपण काढू शकतो हे अजून न कळलेलेही असतील. हचिन्सनच्या तारेआड जसं लिनोलियम सापडलं तसं त्यांना काहीतरी सापडू दे. मी पाठवलेली कागदांची पाकिटं त्यांच्यापर्यंत पोचू देत. आणि त्यांना तिथून बाहेर काढ, गजानना, सोळा महिने वाट न पाहता.